मालक आहे, म्हणून उपचार नाही

केंद्र सरकारच्या २०२३च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत प्राण्यांची वर्गवारी केलेली आहे. पाळीव प्राण्याचे लसीकरण, जंतनाशक आणि नसबंदी ही त्याच्या मालकाची जबाबदारी, तर रस्त्यावरच्या प्राण्यांची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थेची. वाचताना ही विभागणी खटकत नाही, कारण तिच्यामागचा न्याय उघड आहे: ज्याने प्राणी पाळला त्याने खर्च सोसावा आणि ज्या प्राण्याला कोणी नाही त्याचा भार समाजाने उचलावा. मात्र प्राण्याला मालक आहे म्हणजे त्या मालकाकडे उपचारापुरते पैसेही आहेत, असे गृहीत धरल्याशिवाय ती व्यवहारात टिकत नाही. शहरांतल्या वस्त्या, बैठ्या चाळी, बांधकामावरच्या मजुरांच्या झोपड्या, सोसायटीच्या वॉचमनची खोली, अशा ठिकाणी हे गृहीतक रोज मोडते. तिथला कुत्रा कोणाचा आहे हे सगळ्यांना ठाऊक असते, त्याला नाव असते, घरातल्या ताटातले अन्न मिळते. आणि तो आजारी पडला की त्याला मालक आहे या एका कारणाने तो सार्वजनिक आणि धर्मादाय अशा दोन्ही व्यवस्थांच्या कक्षेबाहेर जातो.

गरिबाच्या प्राण्याला उपचार मिळत नाहीत ते उपचार महाग आहेत म्हणून, असे आपण सहज म्हणतो. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. खर्च किती यापेक्षा तो केव्हा, किती एकरकमी आणि किती अनिश्चित स्वरूपात समोर येतो, यावर कुटुंबाचा निर्णय जास्त अवलंबून असतो. आणि त्या अनिश्चिततेला ते ज्या रीतीने तोंड देते, त्याचे परिणाम त्या घरापुरते राहत नाहीत. ते गल्लीतल्या कुत्र्यांच्या संख्येत, औषधांच्या चुकीच्या वापरात आणि माणसांना असलेल्या रेबीजच्या धोक्यात उतरतात. म्हणून हा प्रश्न प्राणिप्रेमाच्या खात्यावर टाकून मोकळे होता येत नाही.

मुंबईतल्या प्राणिसेवेचा इतिहास पाहिला तर ही पोकळी कशी पडली हे बऱ्यापैकी कळते. १८३२मध्ये कंपनी सरकारच्या पोलिसांनी भटकी कुत्री मारण्याची मोहीम उघडली तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि शहरात दंगल झाली. दोन वर्षांनी, १८३४मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि शेठ मोतीशा यांच्या पुढाकाराने पांजरापोळ स्थापन झाली. तिच्या नजरेसमोर बेवारस प्राणी होते. १८७४मध्ये प्राण्यांवरील क्रौर्याला आळा घालणारी बॉम्बे एसपीसीए ही संस्था निघाली, पुढच्या दशकात परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय उभे राहिले आणि १८८६मध्ये मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. या टप्प्यावर प्रामुख्याने गाडी ओढणारे बैल आणि घोडे डोळ्यांसमोर होते. स्वातंत्र्यानंतर राज्याचे पशुसंवर्धन खाते वाढले ते दूध, अंडी, मांस आणि शेतीच्या बैलांभोवती. गावोगावचे सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आजही पशुधनासाठी आहेत. तिथे गायी-म्हशींना लाळ-खुरकुताची लस फुकट टोचली जाते, पण कुत्र्याच्या पिल्लाला लागणारी बहुरोगप्रतिबंधक लस मिळेलच असे कोणी गृहीत धरत नाही. मार्च २०२५मध्ये केंद्राने पशुधन आरोग्य कार्यक्रमात ‘पशु औषधी’ या घटकाची भर घातली आणि स्वस्त जेनेरिक पशुवैद्यकीय औषधांसाठी ७५ कोटी रुपये ठेवले. पाऊल स्वागतार्हच आहे. पण वितरण किसान समृद्धी केंद्रे आणि सहकारी संस्थांमार्फत व्हायचे, म्हणजे तेही शेतकऱ्याच्या जनावरासाठी.

बेवारस प्राणी, ओझे ओढणारा प्राणी आणि उत्पादन देणारा प्राणी, अशा तीन कल्पनांभोवती आपल्या संस्था घडल्या. सोबतीसाठी प्राणी पाळणारा माणूस सुस्थितीतला असणार आणि तो खासगी डॉक्टरकडे जाणार, असे धरून चौथा प्रकार कोणी वेगळा मोजलाच नाही. तो मोजता येतो याचे उदाहरण आहे. १९१७मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल या गरीब भागात मरिया डिकिन यांनी पीडीएसए ही संस्था काढली, ती गरिबांच्या आजारी प्राण्यांसाठीच. तिच्याकडे आजही सरकारी साहाय्यावर जगणाऱ्या कुटुंबांच्या प्राण्यांना मोफत किंवा कमी दरात उपचार मिळतात. तिथे प्रवेशाची अट मालकाच्या उत्पन्नाशी बांधलेली आहे; प्राण्याला मालक असणे हा अपात्रतेचा मुद्दा होत नाही. आपल्याकडची चौकट या अक्षावर कधी मांडलीच गेली नाही.

राहतो तो खासगी दवाखाना. केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३मध्ये वैद्यकीय सेवेविषयी दाखवून दिले की इथला ग्राहक आपल्याला काय हवे हे स्वतः ठरवू शकत नाही. गरज किती आहे हे सेवा विकणाराच सांगतो, आणि उपचाराचे फळ काय मिळेल हे दोघांनाही आधी माहीत नसते. माणसांच्या बाबतीत या अनिश्चिततेचा काही भार विमा, सरकारी रुग्णालय किंवा योजना उचलते. प्राण्यांच्या बाबतीत मध्ये कोणीच नाही. पाळीव प्राण्यांचा विमा आता भारतात मिळतो, पण त्यात वयाची मर्यादा, लसीकरणाची नोंद आणि आधीचे आजार वगळण्याची अट असते, शिवाय साधारणपणे बिल आधी भरावे लागते आणि परतावा नंतर मिळतो. ज्याच्याकडे आधी भरायलाच पैसे नाहीत त्याला या विम्याचा उपयोग नाही. त्यामुळे किती उपचार करायचे हा निर्णय वैद्यकीय राहत नाही; खिशात आज किती आहे त्यावर तो ठरतो, आणि तोही टेबलावर प्राणी कण्हत असताना, काही मिनिटांत.

यात डॉक्टरला लुटारू ठरवण्याचे कारण नाही. शहरातले भाडे, एक्स-रे आणि सोनोग्राफीची यंत्रे, रक्ततपासणीचे रसायन, मदतनिसांचे पगार हे सगळे तो कोणत्याही अनुदानाविना भागवतो. पशुवैद्यकीय दवाखान्याची सेवा जीएसटीतून मुक्त आहे, पण त्याच कारणाने यंत्रांवर आणि साहित्यावर भरलेल्या कराची वजावट त्याला मिळत नाही आणि तो कर शेवटी फीमध्ये मिसळतो. त्याने गरिबाला सवलत दिली तर ती स्वतःच्या पदरची असते. पुष्कळ डॉक्टर ती देतात. परंतु एखाद्या दवाखान्याच्या चांगुलपणावर उभी असलेली सवलत किती जणांना आणि किती दिवस मिळेल याला मर्यादा आहे, आणि ती कोणाला मिळेल हे ओळखीवर ठरते.

हे सगळे प्रत्यक्षात कसे घडते ते कुत्र्यांच्या पिल्लांना होणाऱ्या पार्व्हो या आजाराच्या उदाहरणावरून नीट दिसते. धर्मादाय रुग्णालयाच्या ओपीडीत पाहिलेला एक प्रसंग डोळ्यांसमोर आहे. धुणीभांडी करणारी एक बाई बाजाराच्या पिशवीत, जुन्या टॉवेलात गुंडाळून, दोन-अडीच महिन्यांचे पिल्लू घेऊन आली होती. दोन दिवस उलट्या, त्या सकाळपासून रक्ताची हगवण. डॉक्टरांनी त्याचा ओठ वर करून हिरडी अंगठ्याने दाबली. दाबलेल्या जागी रंग परतायला वेळ लागला. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती तशीच उभी राहिली. “सलाईन लावलं की बरा होईल ना?” तिने विचारले. “आज लावतो, ताई. पण उद्या, परवा, तेरवाही आणावं लागेल. मध्येच थांबलात तर आजचं वाया जाईल.” केसपेपरचे आणि औषधाचे पैसे तिथे फार नव्हते. ती हिशोब करत होती तो वेगळाच होता: पिल्लू घेऊन बसमध्ये चढू देत नाहीत, रिक्षाचे जाता-येता किती होतात, आणि दोन कामांवर लागोपाठ चार दिवस खाडा केला तर मॅडम काय म्हणतील. अल्प दरातल्या उपचाराचीही किंमत असते आणि तिचा मोठा भाग दवाखान्याच्या दरपत्रकात दिसत नाही. खाटांची संख्या वाढवणारी योजना वाहतूक आणि वेळ या दोन खर्चांकडे पाहत नसेल, तर त्या खाटा ज्यांच्यासाठी आहेत ते तिथे पोचणार नाहीत.

पार्व्होचा विषाणू आतड्याच्या आतल्या अस्तरात वेगाने विभागणाऱ्या पेशी आणि अस्थिमज्जा यांवर हल्ला करतो. अस्तर गळून पडते, शरीरातले पाणी आणि क्षार निघून जातात, पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना आतड्यातले जिवाणू रक्तात शिरतात. विषाणूला मारणारे औषध व्यवहारात नाही. पाणी, क्षार, उलटी थांबवणारे इंजेक्शन आणि प्रतिजैविक यांच्या आधाराने शरीर सावरेपर्यंतचे दिवस काढायचे असतात. उपचार न मिळाल्यास बहुतेक पिल्ले दगावतात, नीट मिळाल्यास बहुतेक वाचतात. इतका मोठा फरक पैशांवर ठरणारे आजार फार थोडे आहेत. खासगी दवाखान्यात पाच-सहा दिवस दाखल करून उपचार केल्यास बिल सहज पाच आकडी होते, आणि दहा-बारा हजारांवर महिना काढणाऱ्या घरासाठी याचा अर्थ भिशी मोडणे किंवा उसनवारी असा होतो.

लस घेतली असती तर हे टळले असते, हे खरे. पण इथेही खर्चाची रचना आड येते. आईच्या दुधातून आलेली प्रतिपिंडे पिल्लाच्या रक्तात असेतोवर ती लसीलाही निष्प्रभ करतात, आणि ती नेमकी कधी संपतील हे प्रत्येक पिल्लागणिक बदलते. म्हणून सहा-आठ आठवड्यांच्या वयापासून सुमारे सोळा आठवड्यांपर्यंत दर दोन ते चार आठवड्यांनी मात्रा द्यावी लागते. एका मात्रेचे पैसे जमवणाऱ्या कुटुंबाला वाटते की लस झाली. पिल्लू मात्र असुरक्षितच राहते, आणि पुढे ते दगावले की “लस घेऊनही गेलं” असा अनुभव गल्लीत सांगितला जातो. अर्धवट परवडलेल्या प्रतिबंधाने संरक्षण तर मिळत नाहीच, वर लसीवरचा विश्वासही जातो.

इथे पशुवैद्यक व्यवसायाने स्वतःला एक प्रश्न विचारायला हवा. कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीत पार्व्होच्या ४० पिल्लांवर झालेल्या अभ्यासात निम्मी दाखल करून सलाईनवर ठेवली होती, निम्म्यांना कातडीखाली द्रव, उलटीवरचे इंजेक्शन आणि दीर्घकाळ टिकणारे प्रतिजैविक असा बाह्यरुग्ण पद्धतीचा उपचार दिला. पहिल्या गटातली ९० टक्के वाचली, दुसऱ्यातली ८० टक्के. संख्या लहान आहे, देखरेख विद्यापीठाच्या रुग्णालयातली आहे, सुरुवातीला सर्वच पिल्लांना स्थिर करून घेतले होते. हे आकडे आपल्याकडे जसेच्या तसे लागू होतील असे मी म्हणणार नाही. परंतु सर्वोत्तम उपचार आणि काहीच नाही या दोन टोकांच्या मध्ये वैद्यकीयदृष्ट्या समर्थनीय अशी जागा आहे, एवढे त्यातून ठामपणे दिसते. ती जागा शिकवली गेली नाही, लिखित पद्धतीत बसवली गेली नाही, तर तरुण डॉक्टर ती सुचवायला कचरतो: काही बिघडले तर “कमी उपचार केले” असा ठपका त्याच्यावर येईल. मग तो संपूर्ण अंदाजपत्रक सांगतो, समोरचा “पैसे घेऊन येतो” म्हणून उठतो आणि परत येत नाही. दोघेही आपापल्या जागी सावधपणेच वागलेले असतात.

उशीर हा गरिबीतला निष्काळजीपणा समजला जातो, आणि मला वाटते या विषयातला हा सर्वांत मोठा गैरसमज आहे. बरेच आजार दोन दिवसांत आपोआप बरे होतात. ज्याच्याकडे मोजके पैसे आहेत त्याने थोडी वाट पाहणे हा शहाणा निर्णय असतो आणि बहुतेक वेळा तो बरोबरही ठरतो. अडचण अशी की वाट पाहण्याचा फटका कोणत्या आजारात बसेल हे घरातल्या माणसाला ओळखता येत नाही. बोका मातीत पुन्हा पुन्हा बसतो आणि जोर करतो, तेव्हा त्याला शौचाला होत नाही असे वाटते. वास्तविक मूत्रमार्ग तुंबलेला असतो, रक्तातले पोटॅशियम चढत असते आणि एक-दोन दिवसांत हृदय थांबू शकते. नसबंदी न झालेल्या कुत्रीच्या गर्भाशयात माजानंतर काही आठवड्यांनी पू होतो. सुरुवातीला ती फक्त जास्त पाणी पिते आणि मलूल दिसते. आठवडाभराने तीच शस्त्रक्रिया कितीतरी धोक्याची आणि खर्चाची झालेली असते. खर्चाचा आलेख वेळेबरोबर असा एकदम चढत असल्याने, सुरुवातीच्या तपासणीचे काहीशे रुपये वाचवणारे कुटुंब पुढच्या काही हजारांच्या दारात उभे राहते, आणि तिथे पुन्हा ‘नाही’ म्हणते.

मधला काळ रिकामा जात नाही. त्यात मेडिकलमधून गोळी येते. ताप आलेल्या मांजराला माणसांचे पॅरासिटामॉल देणे ही यातली सर्वांत घातक कृती. हे औषध ज्या प्रक्रियेने शरीराबाहेर टाकले जाते ती ग्लुक्युरोनिडेशनची क्षमता मांजरात फारच कमी असते. औषध विषारी मार्गाने मोडते, रक्तातल्या हिमोग्लोबिनचे रूपांतर मेथिमोग्लोबिनमध्ये होते, हिरड्या तपकिरी पडतात आणि रक्त ऑक्सिजन वाहून नेईनासे होते. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरेशी असते. लंगडणाऱ्या कुत्र्याला दिलेले आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक पोटात व्रण पाडते आणि मूत्रपिंडे निकामी करू शकते. ही औषधे देणारा माणूस प्राण्याची उपेक्षा करत नसतो. आपल्या मुलाला जे देतो तेच तो त्याला देत असतो, कारण प्राण्यासाठी विचारण्याजोगे, जवळचे आणि स्वस्त असे दुसरे कोणी त्याच्या पंचक्रोशीत नसते.

जे दवाखान्यापर्यंत पोचतात त्यांच्यात दुसरी गळती असते. गोचीडतापाचा एक मोठा प्रकार एर्लिकिया या जिवाणूमुळे होतो आणि त्यावरचे डॉक्सिसायक्लिन हे औषध मुळीच महाग नाही. पण ते सुमारे २८ दिवस द्यावे लागते. चार-पाच दिवसांत ताप उतरतो, कुत्रा जेवायला लागतो, आणि उरलेल्या गोळ्यांची पट्टी घेण्याचे कारण घराला दिसेनासे होते. रोग लक्षणांविना राहू शकतो आणि काही महिन्यांनी अस्थिमज्जा निकामी करणाऱ्या रूपात परतू शकतो. गोचिडी तर घरातल्या भिंतींच्या फटीत असतातच. त्यांच्यावरचे औषध हा पुन्हा वेगळा, दर महिन्याचा खर्च. प्रतिजैविकांच्या अशा अपुऱ्या वापराने जिवाणूंची औषधांना दाद न देण्याची वृत्ती वाढते, आणि ते जिवाणू प्राणी आणि माणूस असा भेद पाळत नाहीत.

धर्मादाय संस्थांकडे येऊ. मुंबई-पुण्यात जखमी भटक्या प्राण्याला उचलून नेणाऱ्या रुग्णवाहिका आहेत, तळमळीने चालवलेले निवारे आहेत. त्यांच्या देणगीदारांनी पैसे दिलेले असतात ते बेवारस प्राण्यांसाठी, म्हणून फोनवर पहिला प्रश्न असतो, “कुत्रा तुमचा आहे का?” संस्थेच्या बाजूने तो योग्य आहे, मर्यादित साधने कोणावर खर्च करायची हे ठरवावेच लागते. पण त्याच्या उत्तरावर मदत अवलंबून आहे हे कळले की वस्तीतला माणूस “रस्त्यावरचा आहे” असे सांगायला शिकतो. त्या क्षणी त्या प्राण्याची आधीची औषधे, लस, आजाराचा काळ ही सगळी माहिती उपचारातून गळते, कारण ती सांगितली तर मालकी उघड होते. बरा झाल्यावर तो नेमका घरी परतेल याचीही खात्री राहत नाही. दुसरा रस्ता याहून वाईट आहे: आजारी प्राणी खरोखरच सोडून देणे. १९६०च्या कायद्यानुसार प्राण्याला टाकून देणे हा गुन्हा आहे, पण पहिल्या गुन्ह्याला दंड जास्तीत जास्त ५० रुपये. त्या दंडाचा धाक कोणाला नसतो. आणि व्यवस्थेकडून मिळणारा संदेश मात्र स्पष्ट असतो की प्राणी तुमचा असेपर्यंत मदत नाही, तुमचा नसला की आहे. प्राणी टाकून देण्याला असे उत्तेजन देण्याचा कोणाचाही हेतू नाही. दोन स्वतंत्र आणि सद्हेतूने आखलेल्या सीमा एकत्र आल्या की ते घडते.

परवडत नाही तर पाळता कशाला, हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण प्राण्याच्या वेदनांचा विचार करणारा माणूसही तो घेऊ शकतो. परंतु तो गृहीत धरतो की हे प्राणी विचारपूर्वक विकत आणले गेले. गरीब घरातला प्राणी बहुधा दारात आलेला असतो, उंदरांसाठी ठेवलेला असतो, साइटवर रात्रीच्या राखणीला असतो. आणखी एक वाट गेल्या काही वर्षांत वाढताना दिसते, तिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. सुस्थितीतल्या घराने हौसेने आणलेला पग, लॅब्राडोर किंवा जर्मन शेफर्ड, घर बदलताना, बाळ झाल्यावर किंवा कुत्रा म्हातारा होऊ लागल्यावर, घरकामाच्या बाईला किंवा वॉचमनला देऊन टाकला जातो. चपट्या नाकामुळे होणारे श्वसनाचे विकार, खुब्याच्या सांध्याची झीज, कातडीचे जुनाट रोग हे त्या जातींचे उपजत खर्च, आणि ते अंगावर येऊ लागण्याच्या सुमारासच प्राणी वरच्या उत्पन्नगटातून खालच्या उत्पन्नगटाकडे सरकतो. देणाऱ्याला आपण त्याला चांगले घर मिळवून दिले असे वाटते. प्रत्यक्षात त्याने एक वैद्यकीय देणे अशा माणसावर टाकलेले असते, ज्याला “नको” म्हणणे नोकरीमुळे अवघड आहे.

आता रेबीज. वस्तीतला पाळलेला कुत्रा दिवसाचा बराच वेळ मोकळा असतो, गल्लीतल्या कुत्र्यांत मिसळतो, चावतो आणि चावे सोसतो. साथरोगशास्त्राच्या दृष्टीने तो रस्त्यावरच्या कुत्र्यांच्याच समूहात आहे. प्रशासनाच्या दृष्टीने तो पाळीव आहे. महापालिकेचे नसबंदी-लसीकरणाचे पथक भटक्यांसाठी येते आणि गळ्यात पट्टा दिसला की पुढे जाते. खासगी डॉक्टरकडची लस मालकाने कुत्र्याला दरवर्षी टोचून घ्यायची असते. २८ सप्टेंबरला, जागतिक रेबीज दिनी, मोफत शिबिरे होतात, पण त्या एका दिवशी कामावर असलेल्या माणसासाठी ती नसल्यासारखीच. साखळी तोडायला एखाद्या भागातल्या सुमारे ७० टक्के कुत्र्यांना लस मिळालेली असावी लागते. वस्तीतल्या कुत्र्यांचा मोठा हिस्सा या मधल्या वर्गात असेल, तर भटक्यांवरचा सगळा खर्च करूनही तो टप्पा गाठता येणार नाही. २०२१मध्ये केंद्राने २०३०पर्यंत कुत्र्यांपासून माणसांना होणारा रेबीज संपवण्याचा आराखडा जाहीर केला. मला भीती आहे की तो अपुरा राहिला तर या न मोजलेल्या वर्गामुळेही राहील. यातली आर्थिक विसंगतीही लक्षात घ्यावी. कुत्रा चावल्यावर सरकारी रुग्णालय माणसाला लसीच्या सर्व मात्रा देते, जखम खोल असेल तर महागडे इम्युनोग्लोब्युलिनही. त्या खर्चाच्या अगदी लहान अंशात त्या कुत्र्याचे लसीकरण झाले असते, पण ते मालकाचे काम होते.

गोव्यात याच्या उलट करून पाहिले गेले. तिथल्या सरकारने ‘मिशन रेबीज’ या संस्थेबरोबर चालवलेल्या मोहिमेत पथके घरोघर आणि रस्तोरस्ती फिरली आणि पाळीव, अर्धपाळीव, भटका असा भेद न करता दरवर्षी लस टोचत गेली. २०२१मध्ये गोवा देशातले पहिले रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाले. लहान राज्य, सातत्याचा निधी आणि चिकाटी यांचा त्यात वाटा आहे. पण मालकी हा निकष बाजूला ठेवल्याशिवाय तो पल्ला गाठता आला नसता.

यापुढची दिशा काय असेल? बाजार वरच्या टोकाला वाढतो आहे. मुंबईत महालक्ष्मीला २०२४मध्ये टाटा ट्रस्ट्सचे सुमारे १६५ कोटी रुपयांचे अद्ययावत प्राणिरुग्णालय सुरू झाले. गुंतागुंतीच्या आजारांसाठी अशी जागा हवीच होती. साखळी दवाखाने मोठ्या शहरांत पसरत आहेत. ब्रिटनमध्ये २०१३च्या सुमारास जेमतेम १० टक्के पशुवैद्यकीय दवाखाने मोठ्या समूहांच्या मालकीचे होते, दहा वर्षांत ते प्रमाण सुमारे ६० टक्क्यांवर गेले. तिथल्या स्पर्धा नियामकाला २०२४मध्ये चौकशी सुरू करावी लागली आणि २०१६ ते २०२३ या काळात दर ६३ टक्क्यांनी वाढल्याचे तिच्यात नोंदले गेले. त्या देशात पीडीएसएसारखा आधार होता. आपल्याकडे तृतीय स्तराची सेवा उभी राहते आहे आणि प्राथमिक स्तर जवळपास नाही. त्यात मोहल्ल्यातला एकट्याने दवाखाना चालवणारा आणि सवलत देणारा डॉक्टर वाढत्या भाड्यापुढे हटला, तर आजची तुटपुंजी सोयही जाईल.

म्हणून क्रम महत्त्वाचा. रेबीजची लस आधी, प्रभागवार, ठरलेल्या वारी आणि संध्याकाळी, मालक कोण हे न विचारता. पैसेवाले लोकही रांगेत येतील, आणि यायला हरकत नाही. प्रत्येक टोचलेल्या कुत्र्याचा फायदा सगळ्यांना आहे. उपचारांच्या बाबतीत मात्र सवलतीला सीमा लागेल, आणि ती पिवळ्या किंवा केशरी शिधापत्रिकेवरून आखता येते. शहरांतल्या शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्यांत आठवड्यातून दोन संध्याकाळी लहान प्राण्यांची ओपीडी, पार्व्हो, गोचीडताप, जखमा यांसाठी कमी खर्चाच्या लिखित उपचारपद्धती, आणि पशुवैद्यकीय महाविद्यालयांत त्या शिकवणे, एवढ्याने सुरुवात होऊ शकते. खासगी डॉक्टरांचे उत्पन्न याने फारसे घटणार नाही, कारण हे लोक आज त्यांच्याकडे येतच नाहीत. नसबंदीचा क्रम मी मुद्दाम नंतर लावतो: तिला शस्त्रक्रियागृह, भूल देणारा माणूस आणि नंतरची देखरेख लागते, आणि यातले काही अपुरे असताना घाईने केलेल्या शस्त्रक्रियेत पाळलेली कुत्री दगावली तर ती वस्ती लसीच्या पथकालाही दार उघडणार नाही.